भयाचा निरास आणि अनुसरणाचा समय



श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण दैवी संपत्तीच्या गुणांची गणना करतात. त्या गणनेत अहिंसा आहे, सत्य आहे, दान आहे, तप आहे, जीवमात्राविषयी दया आहे. परंतु या सर्वांच्या अगोदर श्रीमुखातून जो शब्द निघाला तो ‘अभय’ हा होय. धर्माचे इतके थोर गुण मागे ठेवून अभयाला अग्रस्थान का दिले, याचा विचार साधकाने करावा. भयभीत मनुष्य दान देतो तेव्हा त्याचे दान नवस होते. तो सत्य बोलतो, पण जेथे दंड होणार नाही तेवढेच बोलतो. तो तप आचरतो, पण कोणाचा तरी कोप टळावा म्हणून. भय अंतःकरणात ठाण मांडून बसले की इतर गुण असूनही नसल्यासारखे होतात. कुंपणाला खिंडार पडलेल्या शेतात पीक कितीही चांगले आले तरी ते घरी येईलच असा भरवसा नसतो, तशी ही गोष्ट आहे.

पोथीच्या वेळी मंदिरात एखादा वृद्ध वासनिक भिंतीला टेकून बसलेला असतो. वर्षानुवर्षे तो लीळा श्रवण करीत आलेला असतो. निरूपण ऐकताना त्याचे डोळे पाणावतात. महंतांनी विचारले, “बाबा, उपदेश केव्हा घेणार?” तर तो हात जोडून म्हणतो, “आता कसचा उपदेश, महाराज! पान पिकले. पाठ होत नाही, दंडवत घालायला गुडघे वाकत नाहीत. तरुणपणीच व्हायला हवे होते.” त्याच्याच शेजारी त्याचा तरुण नातू बसलेला असतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, “अजून वेळ आहे. आधी संसाराची घडी बसू द्या.” एकाला समय टळला असे वाटते, दुसऱ्याला समय आला नाही असे वाटते. दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंचे मूळ एकच आहे. ते मूळ भय आहे. त्याचे स्वरूप काय, ते कोठून उत्पन्न होते आणि ब्रह्मविद्येच्या आधारे त्याचा निरास कसा होतो, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

भयाचे मूळ

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निरूपिले. चारही स्वतंत्र, चारही अनादि. त्यांत जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त. या चारांचा विवेक हा परमार्गाचा पाया आहे. भयाची मीमांसाही याच विवेकाने होते. जीव अनादि अविद्येने वेढलेला आहे आणि त्या वेढ्यात अन्यथाज्ञानामुळे तो प्रपंचाच्या पदार्थाला ‘मी’ म्हणतो. देह प्रपंचाचा. तो वाढतो, झिजतो, पडतो. त्या देहाला ‘मी’ म्हटले की त्याचे झिजणे ते माझे झिजणे आणि त्याचे पडणे ते माझे पडणे झाले. ज्याला आपण नाशिवंताशी बांधले, त्याच्या नाशाचे भय आपल्याला चिकटणारच. भय हा जीवाचा मूळ स्वभाव नव्हे. चुकीच्या ठिकाणी ‘मी’ म्हटल्याचा तो परिणाम आहे.

भयग्रस्त जीव मग आधार शोधतो. आधार शोधण्यात दोष नाही. परंतु अविद्येमुळे तो आधारही चुकीच्या ठिकाणी शोधतो. पोर आजारी पडले की एका देवतेला नवस, शेत पिकले नाही की दुसरीला, घरात अपमृत्यू झाला की तिसरीला. ब्रह्मविद्येत देवतांची संख्या एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा सांगितली आहे. एवढ्या सर्वांचा कोप टाळीत जगावयाचे ठरवले तर मनुष्याला एका श्वासाचीही उसंत मिळणार नाही. देवतेचे फळ तिच्या मर्यादेइतकेच, आणि तेही क्षीण होणारे. जी स्वतः नित्यबद्ध आहे ती दुसऱ्याची बेडी तोडणार कशी? म्हणून अनन्यभक्तीचा जो दंडक परमार्गात आहे, त्याकडे केवळ निषेध म्हणून पाहणे अपुरे होय. भयाने दाही दिशांना धावणाऱ्या जीवाला एका ठिकाणी थांबविणारी ती कृपा आहे. जो एकाला शरण गेला त्याला बाकीच्यांचे भय धरण्याचे कारण उरत नाही.

सशाची लीळा

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्व अच्युतगोत्रीयांना परिचित आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असताना पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला एक ससा जीव घेऊन धावत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडला. मागोमाग पारधी आले. ससा आपला आहे, तो द्यावा, असे त्यांचे मागणे होते. स्वामींनी शरण आलेल्याला दिले नाही. त्यांनी पारध्यांना हिंसेचा दोष समजावून सांगितला, त्यांचे मन पालटले, आणि ते गेल्यावर सशाला मोकळे केले.

ही लीळा अहिंसेच्या संदर्भात नेहमी निरूपिली जाते आणि ते योग्यच आहे. पण भयाच्या दृष्टीने पाहिल्यास तीत आणखी तीन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट अशी की स्वामींनी सशाला ‘तू भितोस का?’ म्हणून दोष दिला नाही. मागे कुत्री लागलेली असताना भय वाटणे हे त्या जीवाच्या अवस्थेला धरून आहे. साधकालाही भय वाटले म्हणून त्याने स्वतःला पतित समजू नये. दुसरी गोष्ट अशी की सशाचे भय त्याला योग्य ठिकाणी घेऊन आले. तो बिळाकडे धावला असता तर पारध्यांनी बीळ खणले असते. झुडपात शिरला असता तर कुत्र्यांनी वास काढला असता. भय तेच, धाव तीच, केवळ धावण्याची दिशा परमेश्वराकडे झाली आणि त्यामुळे मरण टळले. तिसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. संकट गेल्यावर स्वामींनी सशाला गुडघ्याखाली कायम दडवून ठेवले नाही. गुडघा उचलून त्याला जाऊ दिले. आश्रय दिला तो पुन्हा आपल्या पायांनी चालता यावे म्हणून. परमेश्वराचा आश्रय जीवाला भित्रा करून ठेवीत नाही. तो त्याला निर्भय करून त्याच्या मार्गाला लावतो.

येथे दार्ष्टांतिक स्पष्ट आहे. भय नाहीसे झाल्यावर परमेश्वराकडे जाऊ, असे जो म्हणतो तो कधीच जात नाही. भय घेऊनच जावे लागते. निर्भयता हे त्या भेटीचे फळ आहे. भेटीपूर्वी भरावयाचे ते शुल्क नव्हे.

वयाचा पूर्वपक्ष

आता वृद्ध वासनिकाच्या बोलण्याकडे वळावे. त्याचा पूर्वपक्ष असा की अनुसरण हे तरुण वयाचे काम आहे. अटन करावयाचे, भिक्षा मागावयाची, विजनात बसून स्मरण करावयाचे, वचने पाठ करावयाची. म्हाताऱ्या देहाला यांतले काय साधणार?

याचे समाधान तत्त्वाच्या बाजूने असे आहे. वय कोणाचे? देहाचे. देह कोणत्या पदार्थात मोडतो? प्रपंचात. उद्धरण कोणाचे व्हावयाचे? जीवाचे. जीव तर अनादि आहे. वीस वर्षांच्या तरुणाच्या देहातील जीव आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या देहातील जीव, यांत लहान कोण आणि मोठा कोण? दोघेही अनादि काळापासून संसरणात आहेत. त्या अपार काळापुढे साठ वर्षांचा फरक मोजण्यासारखा नाही. ‘माझे वय झाले’ असे म्हणणारा जीव पुन्हा देहालाच ‘मी’ म्हणत आहे. म्हणजे जे अन्यथाज्ञान तोडावयाचे, तेच तो न तोडण्याचे कारण म्हणून पुढे करीत आहे.

इतिहासाच्या बाजूनेही हेच दिसते. स्वामींच्या परिवारात केवळ तरुण साधक नव्हते. पैठणच्या नागुबाई, म्हणजेच बाइसा, यांनी स्वामींची सेवा मातेच्या वात्सल्याने केली. श्रीनागदेवाचार्यांच्या मातोश्री आबाइसा स्वामींना अनुसरल्या. मुलगा, मुलगी उमाइसा आणि आई ही एकाच घरची तीन वयाची माणसे एका मार्गाला लागली. त्या काळी उतारवयाच्या स्त्रीसमोर समाजाने ठेवलेला मार्ग एकच होता. घराच्या कोपऱ्यात बसून व्रतवैकल्ये करावीत आणि मरणाची वाट पाहावी. स्वामींनी त्या स्त्रियांना कोपऱ्यातून उठवून ब्रह्मविद्येच्या श्रवणाला बसवले. त्यांच्या शंका ऐकल्या, त्यांना उत्तरे दिली.

पुढे श्रीनागदेवाचार्यांच्या काळात केशवराजसूरी, म्हणजे केसोबास, संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते. ते थोर पंडित. त्यांच्या लेखणीतून उतरलेले संस्कृत विद्वानांनी वाखाणले असते. आचार्यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले. कारण दिले ते असे की तसे झाले तर परिवारातील म्हाताऱ्या वंचित होतील. स्मृतिस्थळातील हा प्रसंग मराठी भाषेच्या अभिमानाचा दाखला म्हणून वारंवार सांगितला जातो. परंतु आचार्यांच्या मनात त्या क्षणी प्रथम कोण आले याकडे लक्ष द्यावे. राजदरबार आला नाही, पंडितसभा आली नाही, दीर्घ भविष्यकाळही आला नाही. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे, ज्यांना संस्कृत शिकण्याइतके आयुष्य उरलेले नाही, अशा वृद्ध स्त्रिया आल्या. त्यांच्याकरिता एका महापंडिताच्या विद्येची दिशा बदलली गेली. ज्या मार्गात वृद्धांसाठी ग्रंथाची भाषा ठरते, त्या मार्गात ‘आता वय झाले’ म्हणून दाराबाहेर थांबणे म्हणजे आचार्यांच्या त्या करुणेला नकार देण्यासारखे आहे.

धीर आणि दिरंगाई

येथे दुसरी शंका उत्पन्न होते. वयाचा अडसर नाही हे मान्य केले, तर मग घाई का करावी? परमार्गात धीर हा गुण सांगितला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मन हळूहळू, धैर्याने धरलेल्या बुद्धीने शांत करीत जावे असा उपदेश आहे. मग नातवाने ‘अजून वेळ आहे’ म्हटले तर त्याचे काय चुकले?

याचे समाधान असे की धीर आणि दिरंगाई यांचे बाह्य रूप सारखे दिसते, पण अंतरंग भिन्न असते. दोघेही थांबलेले दिसतात. शेतकरी पेरणी करून पावसाची वाट पाहतो तो धीर. बियाणे कणगीत ठेवून पावसाची वाट पाहतो ती दिरंगाई. धीर धरणाऱ्याने आपल्याकडचे काम केलेले असते आणि जे आपल्या हाती नाही त्याची तो वाट पाहतो. दिरंगाई करणारा आपल्या हातातले काम टाकून जे हाती नाही त्याचे कारण सांगतो.

श्रीनागदेवाचार्यांचे चरित्र या दृष्टीने अवलोकन करावे. आज ज्यांना परिवार आद्य आचार्य म्हणून वंदन करतो, ते पहिल्या दर्शनातच सर्व सोडून निघाले असे झाले नाही. दर्शन, बोध आणि मग अनुसरण अशा क्रमाने ते स्वामींच्या निकट आले. स्वामींनी त्यांना हाताला धरून ओढले नाही. बोध अंतःकरणात मुरण्यास जो अवधी लागावयाचा तो लागू दिला. अनुसरणानंतरही एकदम अधिकार प्राप्त झाला नाही. स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले आणि परिवार निराधार झाला. तेव्हा नागदेवांनी स्वतःचे पीठ मांडले नाही. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते ऋद्धिपूरला गेले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूंची प्रवृत्ती लोकविलक्षण. गावातील कित्येक लोक त्यांना वेडे म्हणत. त्या संनिधानी अनेक वर्षे राहून त्यांनी जी सेवा केली, तिच्यातून परिवाराचा भार वाहण्याची योग्यता परिपक्व झाली. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर तो भार त्यांच्या खांद्यावर आला. स्वामींचा वियोग झाला त्या दिवशी त्यांना हे सर्व दिसले असेल असे नाही. त्या दिवशी समोर दिसत होता तो केवळ ऋद्धिपूरचा रस्ता. तेवढ्याच रस्त्याने ते निघाले. परमेश्वराचे बोलावणे असेच येते. संपूर्ण मार्ग तो दाखवीत नाही. पुढचे एक पाऊल दाखवितो आणि ते टाकले की त्याच्या पुढचे.

म्हाइंभटांचे उदाहरण याहून वेगळे आहे. सराळ्याचे हे विद्वान आणि धनसंपन्न गृहस्थ डोमेग्रामी आले ते शिष्य होण्यासाठी नव्हे. वादात जिंकण्यासाठी आले. स्वामींच्या संनिधानी त्यांची विद्या निरुत्तर झाली. पण विद्येचा गर्व उतरणे वेगळे आणि घरदार सुटणे वेगळे. ते सर्वस्वाने मार्गाला लागले तोवर स्वामींचे प्रयाण झालेले होते. ज्यांच्या संनिधानी येऊन बसावयाचे, ते समोर असताना आपण आलो नाही, ही व्यथा किती तीव्र असेल! येथे भयाला किंवा निराशेला पूर्ण वाव होता. ‘समय टळला’ असे म्हणून म्हाइंभट सराळ्यात बसून राहिले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी त्या व्यथेचे काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला ज्याला स्वामींचे दर्शन घडले होते, त्याला त्याला गाठून त्यांनी लीळा विचारल्या. कोणापाशी एक लीळा आहे असे कळले तरी तेवढ्यासाठी वाट चालले. ऐकलेले श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. शके १२०० च्या (इ. स. १२७८) सुमारास ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत लीळाचरित्र सिद्ध झाले. उशिरा आलेल्या माणसाने मागून येणाऱ्या सर्वांसाठी संनिधानाची स्मृती साठवून ठेवली. जे प्रथमपासून निकट होते त्यांच्यासाठी त्या लीळा अनुभवाच्या होत्या. त्या लिहून ठेवल्या पाहिजेत ही तळमळ ज्याला लागली तो विलंबाची किंमत जाणणारा होता. विलंब हा दोष खरा, पण परमेश्वराच्या हाती दिला तर तोही सेवेला लागतो.

प्रत्येकाचे बोलावणे निराळे

वृद्ध साधकाच्या मनात आणखी एक भय असते. ‘मला नागदेवांसारखे वैराग्य नाही, म्हाइंभटांसारखी विद्या नाही. माझा काय उपयोग?’ हे विनयाच्या वेषात आलेले भय आहे. परिवाराच्या इतिहासात कोणाही दोघांचे कार्य एकसारखे नाही. महदाइसांना जिज्ञासा होती. त्या पुनःपुन्हा प्रश्न विचारीत. स्वामींच्या संनिधानातील वर्षे मागे पडल्यावर, ऋद्धिपुरात श्रीप्रभूंच्या विवाहाच्या लीळेच्या प्रसंगी त्यांच्या मुखातून धवळे प्रकट झाले आणि त्या मराठीच्या आद्य कवयित्री ठरल्या. काव्य करावे म्हणून त्या मार्गात आल्या नव्हत्या. सेवेत होत्या, आणि सेवेनेच त्यांना काव्यापर्यंत आणले. हिराइसांचे सामर्थ्य स्मरणशक्तीत होते. लीळाचरित्राच्या परंपरेत त्यांच्या नावाचा पाठच प्रसिद्ध आहे. केसोबासांनी स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात एकशे चौदा दृष्टांत जुळविले.

भास्करभट्ट बोरीकरांची कथा तर यशस्वी मनुष्यालाही बोध देणारी आहे. शिशुपाळवध हे त्यांचे काव्य रसाळ उतरले. गुरुबंधूंनी त्याची प्रशंसा केली, पण ते निवृत्तांच्या उपयोगाचे नाही असा अभिप्राय दिला. लौकिक मिळवून बसलेल्या कवीला हे ऐकणे सोपे नव्हे. भास्करभट्टांनी रुसून लेखणी टाकली नाही आणि पहिल्या ग्रंथाचे समर्थनही करीत बसले नाहीत. त्यांनी उद्धवगीता रचली. पुढे बाइदेवबासांच्या नंतर तेच कवीश्वर आचार्यपदावर आले. ज्याला आपले पहिले यश अपुरे होते हे ऐकण्याचे धैर्य आहे, त्याची वाढ कोणत्याही वयात थांबत नाही.

असंनिधानातील आशा

आता सर्वांत कठीण शंका. ती अशी की आबाइसांना स्वामींचे संनिधान लाभले होते. आजच्या साधकासमोर परमेश्वर अवतार प्रत्यक्ष नाही. आयुष्याची चार वर्षे उरलेल्या मनुष्याने आरंभ केला आणि मध्येच देह पडला तर त्याचे काय?

ही शंका अर्जुनाचीच आहे. मार्गात निघाला पण शेवटास पोहोचला नाही, अशा साधकाची गती काय, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट होतो की काय, असे त्याने सहाव्या अध्यायात विचारले. भगवंतांनी त्याला आश्वासन दिले की कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुढच्या जन्मी तेथूनच चालू होतो. दुसऱ्या अध्यायात तर या धर्माचे अल्पसे आचरणही मोठ्या भयापासून तारते असे सांगितले आहे. तेथे ‘अल्प’ हा शब्द वृद्ध साधकाने मनात जपून ठेवावा.

ब्रह्मविद्येचा सिद्धांतही याला अनुकूल आहे. जीवाचे उद्धरण परमेश्वरच करतो. जीवाने आपल्या बळाने मोक्ष संपादन करावयाचा असता तर आयुष्याची मोजदाद आवश्यक होती. परंतु परमेश्वर दयाळू, मायाळू, कृपाळू. जीवोद्धरणाचे त्याला व्यसनच आहे. त्याच्या प्रवृत्तीला जीवाच्या पंचांगातील तिथी लागू होत नाही. असंनिधानात साधकाने स्मरण, भिक्षा, अटन, विजन हा आचार यथाशक्ती करावा आणि योग्यता परिपक्व होऊ द्यावी. फळ केव्हा द्यावयाचे, या जन्मी की पुढे, हे परमेश्वराचे. यात निश्चित तारखेचे आश्वासन नाही आणि तसे आश्वासन कोणी निरूपणात देऊही नये. जे आहे ते एवढेच की टाकलेले एकही पाऊल व्यर्थ जात नाही. स्वामींच्या प्रयाणानंतर खुद्द नागदेवादी भक्तांनीही उरलेले आयुष्य असंनिधानात, स्मरणाच्या आधारानेच घालविले. आजचा साधक ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत तेही होते.

आचारात कसे आणावे

तत्त्व कळले तरी सकाळी उठून काय करावे हा प्रश्न उरतोच. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याने बसल्या जागी मस्तक लववून मनाने दंडवत घालावे. ऋद्धिपूर, माहूर, फलटण, पैठण, डोमेग्राम येथे जाऊन ओट्यावर मस्तक ठेवण्याची शक्ती राहिली नसेल तर त्या स्थानीची लीळा आठवून स्थानवंदन करावे. संपूर्ण सूत्रपाठ मुखोद्‌गत होत नसेल तर एक सूत्र घ्यावे. ते महिनाभर घोळवावे. पंडिताच्या तोंडातून शंभर सूत्रे सहज निघून जातात, पण ते एक सूत्र वृद्धाच्या अंतःकरणात घर करून राहील. उपदेश घ्यावयाचा असेल तर ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द सोडून महंतांपुढे जाऊन बसावे. ते योग्य तो विचार सांगतील.

तरुण साधकाने हेच उलट बाजूने समजावे. त्याला देह साथ देत आहे तोवर पाठ, अटन आणि सेवा यांत कसूर करू नये. संसारात राहूनही देवतांच्या भयातून मोकळे होणे, प्राणिमात्राची हिंसा टाळणे, नित्य स्मरणाला वेळ देणे हे आजच होण्यासारखे आहे. ज्याला संन्यासाची ओढ आहे त्याला बहुधा झोळीचे भय वाटते. काल ज्याच्या दारी चार माणसे जेवत होती त्याने आज अनोळखी दारी हात पसरावयाचा! पण भिक्षेने मरतो तो अभिमान, साधक नव्हे. देशाच्या शेवटी, झाडाखाली जन्म घालवावा अशी स्वामींची आज्ञा ज्यांनी मानली, त्यांना जगाने काय म्हटले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यांनी जपलेले शास्त्र मात्र सातशे वर्षांनंतरही निरूपिले जात आहे.

घरच्या माणसांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हातारी आई उपदेश घेते म्हणाली की मुले हसतात, सुना कुजबुजतात. त्या हसण्याने एका जीवाचे वाटेवर टाकलेले पाऊल मागे फिरू शकते. अनुसरण करणाऱ्याला हातभार लावता येत नसेल तर निदान त्याच्या वाटेत उभे राहू नये.

आणि शेवटी निरूपण करणाऱ्यांचे दायित्व. भोळ्या श्रोत्यांना नरकाच्या, कोपाच्या, अपशकुनाच्या भीतीने मार्गात आणणे सोपे असते. तसे आलेले लोक भीती ओसरली की जातात, किंवा दुसऱ्या कोणी अधिक भीती घातली की तिकडे वळतात. प्रमादाचा दोष अवश्य सांगावा, प्रायश्चित्तही सांगावे, अनुताप जागवावा. पण सर्वज्ञांनी सशाला आश्रय दिला, त्याच्या मागे कुत्री सोडली नाहीत, हे वक्त्याने विसरू नये. नागदेवाचार्यांना ग्रंथाची भाषा ठरविताना जशा म्हाताऱ्या आठवल्या, तशा त्या प्रत्येक वक्त्याला बोलताना आठवाव्यात. मागे भिंतीला टेकून बसलेल्याला समजले का, आणि समजून तो भ्याला की उठून पुढे आला, ही निरूपणाची कसोटी आहे.

तात्पर्य असे की भय हे देहाला ‘मी’ म्हटल्याने येते आणि परमेश्वराला ‘माझा’ म्हटल्याने जाते. वय देहाचे असते, बोलावणे जीवाला असते. धीर म्हणजे पेरून वाट पाहणे. फळाचा समय परमेश्वराच्या हाती आहे, पेरणीचा समय मात्र आजचा आहे. पुढच्या पोथीच्या वेळी तो वृद्ध वासनिक पुन्हा येईल. त्याचे गुडघे तसेच दुखत असतील, पाठही फारसा वाढलेला नसेल. पण महंतांनी तोच प्रश्न विचारला असता त्याने भिंतीचा आधार सोडून एक हात पुढे सरकावे, आणि त्याच्या नातवाने त्याला हात देऊन पुढे आणून बसवावे. एवढे झाले तरी त्या दिवसाचे निरूपण सफळ झाले असे समजावे.